वाळूतली नऊ अंडी

मी एक जुनी कोंबडी आहे. मित्रांनो, असं वाक्य छत्रीला किंवा खुर्चीला बिनधास्त म्हणता येतं. कोंबडीने म्हटलं की ऐकणारा मनातल्या मनात मसाला वाटायला घेतो. म्हणून आधीच सांगून ठेवते: मला शिजायला फार वेळ लागेल. त्यापेक्षा माझी हकीकत लवकर संपेल.

माझा जन्म वेसाव्याच्या कोळीवाड्यात झाला. अंधेरीहून बस येते आणि पुढे समुद्र असल्यामुळे परत फिरते, तिथे. माझी मालकीण सखुबाई अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची. तिचा आवाज असा की मी अंड्यात असल्यापासून तिला घाबरून आहे. कोळीवाड्यात रोज मासळी, तेव्हा कोंबडी निर्धास्त असेल, असं तुम्हाला वाटेल. उलट आहे. रोज मासळी असते, म्हणून पाहुणा आला की काहीतरी वेगळं करावंसं वाटतं. ते वेगळं म्हणजे मी. दारात अनोळखी चप्पल दिसली की माझ्या पोटात गोळा यायचा. कधी कधी ते अंडंच असायचं, पण आधी कळायचं नाही.

असे भीत भीत मी चार वर्षं काढली. मग १९६८ साली शांताबाई आल्या.

शांताबाई बालवाडीच्या बाई. नगरकडे ज्वारीच्या रानात वाढलेल्या. त्यांच्या वर्गात कोळ्यांची एकतीस मुलं होती. या मुलांना पापलेटाचं वय सांगता यायचं, पण झाडाला मुळं असतात यावर त्यांचा विश्वास नव्हता. भुईमूग कुठे मिळतो असं बाईंनी विचारलं तेव्हा कमळ नावाची पाच वर्षांची मुलगी म्हणाली, “खोल पाण्यात.” कमळ ही सखुबाईची नात, त्यामुळे कुणी तिला खोडून काढलं नाही.

बाईंनी मग बोंबील वाळवायच्या बांबूंच्या मागे चार वाफे केले. मुलं रोज सकाळी बाहेर बसून शिकू लागली. मेथी पेरली तेव्हा धर्माने विचारलं, “बाई, ही भरतीला येते की ओहोटीला?” धर्मा म्हणजे कमळचा जोडीदार, ती बोलायची, तो मान डोलवायचा. बाईंनी खूप विचार केला आणि म्हणाल्या, “चार दिवसांनी येते.” मुलांना हे उत्तर कच्चं वाटलं.

मेथी उगवल्यावर बाईंना वाटलं, आता अंड्यातून पिल्लू येतं ते दाखवावं. मी त्या वेळी खुडूक बसले होते. म्हणजे अंडी घालणं बंद, आणि घातलेल्या नऊ अंड्यांवर दिवसभर फुगून बसायचं. बाई मला मागायला सखुबाईकडे आल्या.

“ने गो बाय,” सखुबाई म्हणाली. “पण येकवीस दिस. त्या रविवारी माझा नवा जावई येतोय, लगीन झाल्यापासून पयल्यांदा. पिल्लं दिसली तर ही पिल्लांची आय. नाय दिसली तर रस्सा.”

“आणि एखादा दिवस उशीर झाला तर?”

“जावई उशीर नाय करत.”

अशा रीतीने माझी शिक्षणखात्यात नेमणूक झाली.

बाईंनी मला अंड्यांसकट एका टोपलीत वाफ्याशेजारी, सावलीत बसवलं. भिंतीवर खडूच्या एकवीस रेघा काढल्या. रोज एक मूल येऊन एक रेघ पुसायचं. मला मोजता येत नाही, पण भिंत मोकळी होत चाललेली मला दिसायची. बाईंनी नियम केला, “लांबून बघायचं. कुणीही हात लावायचा नाही.” तेव्हा एकतीस मुलं अर्धगोल करून बसायची आणि माझ्याकडे टक लावून बघायची. मी पापणी खालून वर मिटते, यावर त्यांच्यात दोन दिवस चर्चा झाली. तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी तसं करून पाहिलं. मला काही सुचेना. आपण बसतो आहोत ते बरोबर आहे का, अशी शंका कोंबडीला कधी येत नाही. मला यायला लागली.

अठराव्या दिवशी दुपारी कमळ आणि धर्मा टोपलीपाशी आले. त्यांचे चेहरे उतरले होते. घरी मसाल्याच्या मिरच्या वाळत घातल्याचं कमळने पाहिलं होतं.

“कायच होत नाय, धर्मा. नुसती बसलीय ही.”

“बाई बोलल्या ऊब देते.”

“कसली ऊब? कासवीण बसते का अंड्यांवर? वाळूत घालते नि जाते. होळीला आपण पिल्लं बघितली नाय का? वाळूतनं आली ना?”

“मग बाईंना कसं ठाऊक नाय?”

“बाई गावच्या. तिकडं वाळू कुठली?”

खरं सांगते, या बोलण्यात मला चूक सापडली नाही. हे ऐकून मी सावध व्हायला हवं होतं. पण बसलेली कोंबडी दिवसातून एकदाच पाव तास उठते, दाणे टिपते, मातीत लोळते. माझी ती वेळ झाली होती. मी उठले.

परत आले तेव्हा टोपलीत नऊ नग होते. जरा गार लागले, जरा खडबडीत. म्हटलं, अठरा दिवसांत मुलांमध्ये फरक पडायचाच. मी बसले. तीन दिवस मनापासून बसले.

इकडे कमळने अंडी झग्याच्या ओच्यात घालून किनाऱ्यावर नेली होती. भरतीची रेघ पाहून तिच्या वरची वाळू निवडली, चार बोटं खोल खड्डा केला, अंडी पुरली आणि खूण म्हणून वाफ्यातली ‘मुळा’ लिहिलेली पाटी रोवली. काम सगळं नीट, काळजीने केलेलं. फक्त रविवारी अमावस्या होती, उधाणाची भरती येणार होती, आणि हे पाच वर्षांच्या डोक्यात बसलं नव्हतं.

रविवार उजाडला. भिंतीवर एकच रेघ. ती पुसायला सगळा वर्ग सुट्टीच्या दिवशी हजर. भर दुपारी सखुबाई जावयाला घेऊन आली. नंदकुमार त्याचं नाव. अंगात पांढरा शर्ट, टेरिलीनची विजार आणि पायात बूट. चपलेची मला सवय होती. बुटांनी माझं पाणी पाणी झालं.

शांताबाईंनी मला दोन्ही हातांनी अलगद उचललं.

माझ्याखाली आठ बटाटे होते आणि एक कांदा.

मी स्वतः वाकून दोनदा पाहिलं.

“बरं झालं,” सखुबाई म्हणाली. “रश्शात घालायचे बटाटे पन हिनंच तयार ठेवले.” आणि तिने माझे दोन्ही पाय एका मुठीत धरून मला उलटं टांगलं.

तेव्हा कमळने भोकाड पसरलं. “आजी, अंडी वाळूत हायत! कासवाची नाय का असतात? हिला येत नव्हतं म्हणून आम्ही मदत केली!”

शांताबाई एवढ्या पांढऱ्या पडल्या की मला माझ्याआधी त्यांची काळजी वाटली. मग सगळेच धावत सुटले. बाई, जावई, एकतीस मुलं, आणि सखुबाईच्या मुठीत लोंबकळत मी. किनाऱ्यावर पाणी चढत होतं. पाटी कुठेच नव्हती. त्या वाळूवर सखुबाईनेच सकाळी जवळा पसरला होता, बारीक कोळंबी, सुकायला. वाळूत मुळा कसा लागला म्हणून तिने ती पाटी उपटून फेकली होती, आणि नेमकी कुठून ते आता तिलाही आठवत नव्हतं.

“कुठं पुरली? दाखव!” बाईंनी विचारलं.

कमळने एक जागा दाखवली, धर्माने दुसरी. बाकीच्यांना काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी सगळीकडे बोटं दाखवली. पाणी दहा पावलांवर आलं. माणसं उकरू लागली, पण चुकीच्या ठिकाणी.

मित्रांनो, उलटं टांगलं की डोकं वाळूपासून वीतभर राहतं. माणसांची डोकी फार उंचावर असतात, त्यांना ऐकू येत नाही. मला ऐकू आलं. जवळ्याखालून, वाळूच्या आतून, अगदी बारीक: च्यँक.

मी आयुष्यात कधी सखुबाईशी भांडले नव्हते. त्या दिवशी मी तिच्या मनगटाला चोच मारली, पंख फडफडवले आणि सुटले. मग उकरायला लागले. जवळा दोन्ही बाजूंनी उडत होता, सखुबाई ओरडत होती, आणि मला शंका घ्यायला वेळच नव्हता. बाईही गुडघ्यांवर आल्या आणि माझ्याशेजारी हातांनी उकरू लागल्या.

नऊच्या नऊ सापडली. तीन अंड्यांच्या कवचाला भोक पडलं होतं. एक पिल्लू तर अर्धं बाहेर, ओलं, थरथरत.

“बघा बाई!” कमळ नाचायला लागली. “वाळूतनंच आली!”

तेवढ्यात धर्मा पुढे झाला. त्याने ते अर्धं बाहेर आलेलं पिल्लू कवचातून मोकळं केलं, दोन्ही हातांत घेतलं, पाण्यापाशी नेलं, आणि फार प्रेमाने ओल्या वाळूवर ठेवलं. तोंड समुद्राकडे करून.

“जा रे,” तो म्हणाला. “जा.”

लाट आली आणि पिल्लू घेऊन गेली.

मी पाण्यात धावले. कोंबडीला पोहता येत नाही हे मला पाण्यात गेल्यावर कळलं. माझ्या बाजूने दोन बूट धाडधाड गेले. नंदकुमार टेरिलीनच्या विजारीसकट कमरेइतक्या पाण्यात उतरला, एका हाताने पिल्लू उचललं, दुसऱ्या हाताने मला काखोटीला मारलं आणि बाहेर आला. पिल्लू हलत नव्हतं. त्याने त्याला शर्टाच्या कोरड्या खिशात घातलं आणि खिशात तोंड घालून फुंकर मारत राहिला. सासुरवाडीचे तीस-चाळीस लोक बघत होते. बराच वेळ गेला.

मग खिसा हलला.

“सासूबाय,” तो म्हणाला, “ह्याला खिशात ठेवून ह्याच्या आयला ताटात घ्यायचं मना नाय जमायचं. घरात बोंबील असतील तर बघा.”

सखुबाईने आधी सांडलेला जवळा पाहिला, मग मनगट पाहिलं, मग मला. “मी पिल्लं दाखव बोलले होते,” ती म्हणाली. “किती, ते बोलले नव्हते. मोकळी हाय ही.”

तीन पिल्लं जगली. बाकीच्या सहांची आम्ही दोन दिवस वाट पाहिली. मग कमळने ती मेथीशेजारी पुरली. या वेळी पाटी लावली नाही.

त्याआधी, सोमवारी, बाईंनी तिला रागावायचं ठरवलं होतं. पण आधी त्यांनी विचारलं, “ही ऊब देत नाही असं तुला का वाटलं गं?”

“तुम्ही हात लावू दिला नाय ना,” कमळ म्हणाली. “कासवीण गार असते. मना वाटलं ही पन गार.”

बाईंनी मग मुलांना रांगेत उभं केलं आणि एकेकाचा हात धरून माझ्या पंखाखाली ठेवला. एकतीस हात. “बाई, चुलीसारखी हाय!” धर्मा ओरडला, आणि लगेच रडायला लागला, कारण आदल्या दिवशीचं पाणी किती गार होतं ते त्याला तेव्हा कळलं.

मित्रांनो, तुमच्या शाळेजवळ कोंबडी असेल, वासरू असेल, नुसतं मेथीचं रोप असेल, तरी लांबून बघून परत जाऊ नका. हळूच हात लावून बघू द्या, असा बाईंकडे हट्ट धरा. मदत करायची असली तर त्याआधी नक्की हात लावा. तुमच्या मदतीने जीव जाऊ शकतो, हे तुम्हाला कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

मी आता सात वर्षांची आहे आणि बालवाडीतच राहते. अंडी घालत नाही, तरी कुणी मला घरी न्यायची भाषा करत नाही. दर जूनमध्ये नवी मुलं येतात आणि रांग लागते. पहिला हात जवळ येतो तेव्हा मला अजून वाटतं, हा मानेकडे जाणार. तो पंखाखाली जातो. मी डोळे मिटते आणि बसून राहते.