सगळ्यांत वरचं पान

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक लांबच लांब रस्ता मनात आणा. दोन्ही बाजूंना हजारो दुकानं आहेत, पण दिवे लागलेत ते फक्त पहिल्या चार-पाच दुकानांवर. बाकी सगळा अंधार. सांगा बरं, माणसं कुठे शिरतील? फोनवर आपण काही शोधतो ना, तोही असाच रस्ता असतो. आणि कुणाच्या दारावर दिवा लागावा, यासाठी पगार घेऊन झटणारी माणसं असतात. आपल्या गोष्टीतल्या मुलीचे बाबा हेच काम करत.

मुलगी अकरा वर्षांची. तिला घरात टिटवी म्हणत. नाव आत्याने ठेवलेलं, कारण ही पोर एकदा बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. आई गेली तेव्हा टिटवी तीन वर्षांची होती. बाबांची थोरली बहीण आपलं शिलाई मशीन घेऊन राहायला आली आणि तिनेच हिला लहानाची मोठी केली. बाहेरच्या खोलीत आत्याचं मशीन, आतल्या खोलीत बाबांचं टेबल, मध्ये एक भिंत. टिटवीची ये-जा दोन्हीकडे.

बाबांनी तिला आपलं काम खेळासारखं शिकवलं होतं. लोक शोधताना जे शब्द लिहितात ते कीवर्ड. तेच शब्द आपल्या वेबसाइटच्या पानात नेमक्या जागी पेरायचे. दुसऱ्या वेबसाइटवाल्यांनी लिंक दिली, म्हणजे आपल्याकडे बोट दाखवलं, की पानाचं वजन वाढतं. खाली चांगले रिव्ह्यू असले की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. असं करत करत पान वर चढतं. एखादं पान पहिल्या नंबरवर पोचलं की बाबा बाहेर येऊन सांगत, आणि आत्या मशीनवरचा पाय न थांबवता म्हणायची, "दिवसभर खुर्ची गरम करतोस, आणि वर कुठे चढतोस रे?"

एका सुट्टीच्या दिवशी बाबांच्या साहेबांचा फोन आला. एका पुडीची जाहिरात करायची होती. रोज दोन पुड्या पाण्यातून घ्यायच्या, म्हणजे अंगातली कसलीही गाठ विरघळते म्हणे. खरंच विरघळते का, असं बाबांनी एकदा विचारून पाहिलं. साहेब हसले. माल कसा आहे ते माल विकणारा बघेल, आपण दिवा लावायचा, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. बाबांनीही मनाशी म्हटलं, घोड्याने गवताशी दोस्ती केली तर तो खाणार काय?

मग त्यांनी टिटवीला हाक मारली. "समज, तुझ्या अंगावर गाठ आलीय. सांगायची लाज वाटते, डॉक्टरची भीती वाटते. फोनवर काय लिहिशील?"

टिटवीने क्षणभर विचार केला. "कापाकापी न करता गाठ जाईल का."

बाबा खूश झाले. ऑपरेशन हा शब्द सगळेच वापरतात, तिथे गर्दी फार. कापाकापी कुणाला सुचलाच नव्हता. तो टिटवीने कुठून आणला हे त्यांनी विचारलं नाही. आत्याच्या तोंडचा होता तो. मापाशिवाय कापड कापणाऱ्यांना ती कापाकापी करणारे म्हणायची आणि डॉक्टरांनाही तेच.

बाबांनी पान लिहिलं. ठळक अक्षरांत तेच शब्द आणि त्यांच्याखाली उत्तर: हो, जाते. मग बत्तीस रिव्ह्यूही स्वतःच लिहिले, कधी शिक्षिका होऊन, कधी बसचालक होऊन. महिनाभरात पान सगळ्यांत वर आलं.

त्याच सुमारास आत्याच्या हाताला छातीत वाटाण्याएवढी गाठ लागली. दुसऱ्यांच्या मापात सूतभर चूक होऊ न देणारी ही बाई, पण स्वतःबद्दल तिने कुणाला चकार शब्द सांगितला नाही. भावाला असलं कसं सांगायचं? बाईने अशा जागेचं दुखणं अंगावर काढायचं, हेच ती लहानपणापासून पाहत आली होती. भाऊ भिंतीपलीकडे बसला होता. तिने फोन उचलला आणि लिहिलं, कापाकापी न करता गाठ जाईल का. पहिलंच उत्तर आलं ते हो म्हणणारं. आणि भाषा तर अशी, की आपल्याच घरातलं कुणी समजावून सांगतंय असं वाटावं.

आठ महिने ती पुड्या घेत राहिली. अंग दुखलं की म्हणायची, मशीन चालवून खांदा भरून आलाय. टिटवीने दोनदा विचारलं, पुड्या कसल्या? दोन्ही वेळा तिला उत्तर मिळालं, "पित्ताच्या. चोंबडेपणा पुरे."

एक दिवस शाळेचा गणवेश शिवता शिवता आत्या मशीनवरच कोसळली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि बाबांना बाजूला घेतलं. गाठ आता फुप्फुसापर्यंत पसरली होती. वेळेवर आणलं असतं तर खूप काही करता आलं असतं, एवढंच त्या म्हणाल्या. डॉक्टरांकडे का गेली नाहीस, असं बाबांनी आत्याला विचारलं. तिने उशाखालून फोन काढून त्यांच्यापुढे धरला.

"हे बघ ना. सगळ्यांत वर होतं. वरचं म्हणजे कुणीतरी तपासूनच ठेवलं असेल ना रे?"

बाबांनी पान ओळखलं. त्यांच्या कोपराआडून टिटवीनेही ठळक अक्षरं वाचली. त्या दिवसापासून टिटवी फारशी बोलेनाशी झाली.

अकरा आठवड्यांनी आत्या गेली. मशीनवर कापड झाकलं गेलं. पान मात्र तिथेच, सगळ्यांत वर राहिलं. ते काढू या म्हणून साहेबांना सांगून पाहिलंय, असं बाबा स्वतःला सांगत. खरं म्हणजे फोन हातात घेऊन त्यांनी तो दोनदा खाली ठेवला होता. महिन्याभराने ते पुन्हा टेबलाशी बसले आणि सवयीने त्यांनी हाक मारली. "टिटवे, समज, एखाद्याचे गुडघे दुखतात. तो काय लिहील?"

"मी नाही सांगणार," टिटवी म्हणाली आणि बाहेरच्या खोलीत गेली.

थोड्या वेळाने बाबांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक चौकट उघडली. पुडीच्या पानाखाली नवा रिव्ह्यू आला होता. मंजूर करायचा की रद्द, ते बाबांच्या हातात होतं.

"माझी आत्या ही पुडी आठ महिने घेत होती. ती वारली. गाठ आली तर लाजू नका, डॉक्टरांकडे जा. वरचे बत्तीस रिव्ह्यू खोटे आहेत. हे पान माझ्या बाबांनी लिहिलंय आणि त्यातले शब्द मी सांगितलेत."

बाबांनी तो शेवटपर्यंत वाचला. मग त्यांनी रद्द दाबलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर टिटवीने दप्तर ठेवलं, हातपाय धुतले आणि आत्याच्या स्टुलावर बसून, आत्याच्याच फोनवर तो मजकूर पुन्हा लिहिला. बाबांनी पुन्हा रद्द केला. तिसऱ्या दिवशीही तेच झालं.

चौथ्या दिवशी आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा दारात येऊन उभे राहिले. ती रागावेल, रडेल, असं त्यांना वाटलं असावं. टिटवीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, स्टूल मशीनजवळ ओढलं आणि पहिल्या शब्दापासून लिहायला घेतलं: माझी आत्या...