लाकूड वाजतंय का

थोरलीच्या लाकडांनी पहिल्याच दिवशी पावांचा अख्खा घाणा जाळून कोळसा केला. घराची अधिकृत भूमिका अशी आहे की असं काही झालेलंच नाही. तेव्हा आपणही ते वाचलं नाही असं समजून पुढे जाऊ.

थोरलीचे वडील, म्हणजे आबा, यांची पावाची भट्टी होती. भट्टीचा त्यांना अभिमान होता, पण कानाचा त्याहून जास्त. जळण वाळलं की नाही हे ते कानानेच ठरवत. दोन ढलप्या कानाशी धरून एकमेकींवर आपटायच्या. ओलं लाकूड ‘ठप्प’ म्हणतं, वाळलेलं ‘टण्ण’. टण्ण झालं की आबा म्हणायचे, “वाजतंय.” ही त्यांच्याकडची सर्वोच्च पदवी, आणि आजवर ती त्यांनी फक्त स्वतः फोडलेल्या लाकडांना दिली होती.

आबांचा खांदा आखडला आणि कुऱ्हाड थोरलीकडे आली. गल्लीत तिला ‘पाचर’ म्हणत. फट दिसली की घुसलीच. लाकडाच्या बाबतीतही तिचं असंच. निलगिरी ओली असतानाच फोडायची, वाळली की कुऱ्हाड उलटी अंगावर येते. चिंचेचे धागे नातेवाइकांसारखे एकमेकांत अडकलेले. तिथे मध्यावर घाव घालायचा नाही, कडेकडेने सुटं करत जायचं. बाभळीला घण. आंब्याला नुसतं रागावलं तरी पुरतं. मग सगळं विटांवर रचायचं, कापलेली तोंडं वाऱ्याकडे, मधे वारा खेळेल एवढी जागा ठेवून. रास इतकी सरळ उभी राहायची की शेजारचा गवंडी येऊन तिला ओळंबा लावायचा आणि जरा दुखावून घरी जायचा.

आबा मात्र दर वेळी दोन ढलप्या कानाशी आपटायचे. “ठप्प. ओलं आहे. राहू दे अजून.”

राहिलं. उन्हाळा गेला, पुन्हा आला. लाकडांच्या तोंडांना भेगा पडल्या, साली आपोआप गळाल्या. “ओलं.” भट्टी तर पेटवायलाच हवी, म्हणून खुर्च्या गेल्या. खुर्चीची परीक्षा आबा घेत नसत. खुर्ची ही मुळातच वाळलेली असते, असं त्यांचं मत. मग टेबल गेलं, मग कपाटाची दारं. घर उभ्याने जेवायला शिकलं.

“आता माझी खाट,” आई म्हणाली. “ती संपली की मी. अहो, मला तरी नीट वाजवून घ्या!”

आबा ढिम्म. आईला वाटलं, माणूस निर्ढावला. थोरलीला वेगळीच शंका आली. तिने आबांच्या मागे उभं राहून बाभळीच्या दोन ढलप्या एकमेकींवर हाणल्या. मांजर छपरावरून पडलं. गवंड्याने भिंतीपलीकडून शिवी हासडली. आबा शांतपणे मिशी विंचरत राहिले.

लाकूड कधीच वाळलं होतं. गेला होता तो कान.

आता हे सांगणार कोण? खाट गेली तर आई जमिनीवर येणार होती, आणि कान गेला म्हणून सांगितलं तर आबाच. शिवाय थोरलीला मेहेरबानी नको होती. तिला ‘वाजतंय’ हवं होतं, ऐकून दिलेलं. ती विचार करत बसली, म्हणजे उभी राहिली. समोर आबा टोस्ट खात होते. “काय कुरकुर वाजतोय!” ते खूश होऊन म्हणाले.

थोरली ताडकन उठली असती, पण उभीच होती. कान गेला होता, जबडा अजून ऐकत होता.

“आबा!” ती त्यांच्या कानाशी ओरडली. “लाकूड हनुवटीवर पारखायचं! कानावर काय, कोणीही पारखतं!”

हे आबांना पटलं. आपण कोणीही नाही, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. तिने चिंचेच्या ढलपीचं टोक त्यांच्या हनुवटीला टेकवलं आणि दुसरी ढलपी त्यावर हाणली.

आबांचे डोळे मोठे झाले. “पुन्हा हाण.”

मग बाभूळ, मग निलगिरी, मग आंबा. राशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आबा हनुवटी पुढे करून फिरले.

“वाजतंय,” ते म्हणाले. मग छाती काढून भिंतीकडे वळले आणि गवंड्याच्या पुढच्या पिढ्यांनाही ऐकू जाईल असे गरजले, “माझ्यापेक्षा चांगलं वाजतंय! पोरीने फोडलंय!”

थोरलीने कुऱ्हाडीचं पातं पदराने पुसलं. ते स्वच्छच होतं.

त्याच दुपारी आबांनी भट्टीत गळ्यापर्यंत लाकूड भरलं. पुढचं आपण वाचलेलं नाही. एवढंच की आबा हातात काहीतरी काळं घेऊन गिऱ्हाइकांना दाखवत होते, “बघा, आच बघा पोरीची!”

गिऱ्हाइकं बघत असतानाच थोरली चार नव्या ढलप्या घेऊन आली आणि त्यांच्या कानाशी ओरडली, “आबा, उद्याचं जळण. हनुवटी आणा.”

आबांनी गर्दीकडे पाहिलं, घसा साफ केला आणि फळीवर चढून जाहीर केलं, “चारचौघांत हनुवटीला लाकूड लावणं भट्टीच्या मालकाला शोभत नाही. सबब चिंच, बाभूळ, निलगिरी, आंबा व इतर सर्व संबंधित लाकडांना कळवण्यात येते की, यापुढे त्यांनी जरा मोठ्याने वाजावे, ही भट्टीतर्फे विनंती.”