मगरीच्या पोटातली वंशावळ

मित्रांनो, मी एक जुनी वंशावळ आहे. सध्या मुक्काम एका मगरीच्या पोटात. मगर पवित्र आहे आणि मेलेली आहे. घाबरायचे कारण नाही.

माझा जन्म नाईलच्या दलदलीतला. लव्हाळी चिरून, ठोकून, वाळवून माझा कागद झाला. अलेक्झांड्रियाच्या राजवाड्यात झोइलोस नावाच्या म्हाताऱ्या लेखनिकाने काजळीच्या शाईने माझ्यावर राजघराणे उतरवले. या घराण्यात मुलगा झाला की टॉलेमी, मुलगी झाली की क्लिओपात्रा, आणि पुढे बहुधा त्या दोघांचेच लग्न. इतर वंशवृक्षांना फांद्या फुटतात. माझ्या फांद्या वळून पुन्हा बुंध्यात शिरत. तरी दर राज्याभिषेकाला मला वाचत आणि दरबारी माना डोलावत. तो माझा सुखाचा काळ.

मग बारा वर्षांचा राजा टॉलेमी वारला. कशाने, ते माझ्यावर लिहिलेले नाही. गादीवर त्याचा काका टॉलेमी बसला आणि हुकूम निघाला, पोराचे नाव पुसा.

झोइलोसने स्पंज भिजवला, तोच पोराची दाई ताएसिस आत आली.

"बाबा, नका हो पुसू. नावच गेलं, तर नैवेद्य कुणाच्या नावानं पोचायचा? माझं लेकरू तिकडं उपाशी राहील."

"आणि माझं मुंडकं गेलं तर, बाई? सर बाजूला, उजेड अडवतेस."

त्याने पुसले. नीट, दोनदा, वर फुंकर मारून.

सकाळी वाचनाआधी कारभाऱ्याने मला तपासले आणि तो पांढराफटक पडला.

"अरे म्हाताऱ्या, पोरगं आहे तिथंच आहे! महाराजच पुसलेस की!"

"टॉलेमी इतके, साहेब," झोइलोस पुटपुटला, "आणि धड डोळा एकच."

शिक्षा करायची तर गुन्हा जाहीर करावा लागला असता. म्हणून त्याला गुपचूप घरी पाठवले, नवी वंशावळ लिहवली आणि मला रद्दीत टाकले. तिथून ताएसिसने मला उचलून माहेरी नेले. तिचा भाऊ देवळातल्या पवित्र मगरी मेल्या की त्यांची ममी करताना पोटात रद्दी भरी.

"हिला काळजाशी ठेव रे."

"ताई, मगर आहे ती, दागिन्यांचा डबा नव्हे. बरं, आण इकडं."

तेव्हापासून मी इथे आहे. मित्रांनो, कधी मला बाहेर काढलेत, तर हलक्या हाताने उलगडा. एक पुसट डाग दिसेल. त्याच्या डावीकडचा टॉलेमी एकदा मोठ्याने वाचा. दाईने एवढेच मागितले होते. बाकीच्यांनी आपापल्या नावाची सोय दगडावर करून ठेवली आहे.