निळ्या नळीतला जीव

आमच्या घरी येणाऱ्याला आधी चपला काढायला सांगतात आणि मग जॅकला अडखळू नका म्हणून सांगतात. पोर्चमध्ये गाडी असते, गाडीचं बॉनेट बहुतेक उघडं असतं आणि त्यात माझं डोकं असतं. शेजारच्या राजेश्रीबाई हळदीकुंकवाला बोलवायला आल्या की माझ्या पाठीशीच बोलतात. त्यांना सवय झालीय.

गाडी मूळची नचिकेतची, म्हणजे आमच्या मुलाची. तो बंगळुरूला नोकरीला गेला, तिथल्या गर्दीत गाडी नको म्हणाला आणि ही लाल टर्बो पेट्रोल गाडी परभणीत ठेवून गेला. मी तोपर्यंत बावीस वर्षं शिवणकाम केलेली बाई. ब्लाउज, फॉल-पिको आणि अर्ध्या गल्लीच्या शिलाई मशिनींची दुरुस्ती. मशीन कुठं अडतंय ते मला कानानं कळायचं. पहिल्यांदा ही गाडी जिंतूर रोडला तिसऱ्या गिअरमध्ये दाबली, तर क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग पाठीमागून कुणीतरी ढकलल्यासारखं झालं. कोण ढकलतंय ते बघायला मी बॉनेट उघडलं. चार वर्षं झाली, ते अजून नीट मिटलेलं नाही.

टर्बोचं काम तसं सोपं. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या धुरावर एक पंखा फिरतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ओढ जास्त. दाब फारच वाढला तर एक झडप उघडते आणि धुराला बाजूनं वाट काढून देते, कुकरच्या शिट्टीसारखी. दाब किती झाला ही खबर झडपेपर्यंत नेते करंगळीहून बारीक अशी एक नळी. कंपनीची काळी नळी कडक झाली होती, म्हणून मी मऊ निळी बसवली. हवा थंड करायची जाळीही मोठी बसवली. शेवटी लॅपटॉप लावून दाब थोडा वाढवला. भाजीत मीठ वाढवावं तितकाच.

या वाढवलेल्या मिठावर आमच्या ह्यांचा, म्हणजे काशीनाथरावांचा, पहिल्यापासून राग. हे कृषी विद्यापीठात हेडक्लार्क. कंपनीनं ठरवलेलं बदलणं म्हणजे यांना सरकारी जीआरमध्ये पेननं खाडाखोड केल्यासारखं वाटतं. दुसरी तक्रार अशी की, गाडी जोरात चालवून आणली की मी ती लगेच बंद करत नाही. टर्बो तापून लाल झालेला असतो, तेल फिरत ठेवून त्याला दोन मिनिटं निवू द्यावं लागतं. तोवर हे दारात उभे राहून म्हणतात, "उतर की आता. पेट्रोल काय नळाला येतंय?"

यंदा नांदेडच्या एका मोटार क्लबानं दसऱ्यानंतरच्या रविवारी झरीजवळ शर्यत ठेवली. सोयाबीन निघालेल्या रानावर मुरूम टाकून, प्लॅस्टिकचे कोन मांडून केलेला वळणावळणाचा रस्ता. एका वेळी एकच गाडी सोडायची, दोन फेऱ्या द्यायच्या, त्यातली चांगली वेळ धरायची. त्यात घरी तयार केलेल्या टर्बो गाड्यांचा वेगळा गट होता. मी नाव दिलं.

खंडेनवमीला यांची थोरली बहीण कस्तुराबाई, आमच्या आक्का, सकाळच्या गाडीनं चुडाव्याहून आल्या. त्या आल्या तेव्हा मी वरची मोठी हवेची पाइप काढून धूत होते आणि इंजिन उघडंच होतं.

"हे समदं हत्यार का तुझं?" पान्यांची पेटी बघून त्या म्हणाल्या.

"हो आक्का."

"मंग मांड की नीट. आमी विळे-खुरपी मांडतो, तू हे मांड. नवमीला हत्याराला हात लावायचा नस्तो, अन तू सकाळधरनं खरकटं घासल्यागत घासायलीस."

मी पाटावर पाने, जॅक, पक्कड मांडली. आक्का हळदकुंकू, झेंडू आणि लाल नाड्याची गुंडी घेऊन बसल्या. त्यांच्याकडं विहिरीवरच्या मोटारीलाही नाडा बांधतात. प्रत्येक पान्याला गाठ मारून झाली तशा त्या उठल्या आणि बॉनेटमध्ये वाकल्या.

"हिचा जीव कुठं हाय गं?"

आता खरं तर 'असाच लावा कुठंतरी' म्हणून मोकळं व्हायचं. पण कुणी विचारलं की मला राहवत नाही. "ताकद त्या पंख्यात आहे आक्का. पण जीव म्हणाल तर ह्या निळ्या नळीत. मी स्वतः बसवलीय." एवढं सांगून मी पुऱ्या तळायला आत गेले.

संध्याकाळी अंधुक उजेडातच इंजिनावरची फुलं वेचली, पाइप जागेवर चढवली, पट्ट्या आवळल्या. कुंकू पुसायचा धीर झाला नाही.

दसऱ्याला आम्ही तिघं सिताराममामांना सोनं द्यायला झरीला निघालो. मामा यांचे मामा, वय नव्वदीच्या पुढं. पुढं सोयाबीनच्या पोत्यांचा ट्रॅक्टर, समोरून एसटी लांब. ओलांडायला भरपूर जागा होती. मी गाडी दाबली. दाब चढला, चढतच गेला, आणि एकदम कुणीतरी वायर उपटल्यासारखी गाडीची ताकद गेली. पिवळा दिवा लागला. गाडी ट्रॅक्टरच्या बाजूला रेंगाळायला लागली आणि एसटीचा हॉर्न काही थांबेना. ब्रेक मारून कशीबशी मागं घेतली. एसटी गेली तेव्हा यांच्या मुठीत आपट्याच्या पानांचा चुरा झाला होता.

घरी आल्यावर हे बसून, शांतपणे बोलले. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"भुजंगकडं गाडीला गिऱ्हाईक हाय. सोमवारी यायलंय. रविवारच्या आत गाडी नीट झाली तर ठीक. न्हाई तर देऊन टाकू, अन पोर्चमधला पसारा माळ्यावर टाकू. शिलाई मशीन हाय की तुला."

मी हो म्हटलं. चूक त्यांची नव्हती. गाडीत त्यांची बहीण बसलेली होती.

भुजंगचं जिंतूर रोडला मोठं गॅरेज आहे. शर्यतीत त्याचीही पांढरी टर्बो होती. शुक्रवारी तो स्वतः येऊन बघून गेला. गाडीला जोडलेल्या मोबाइलवर तिची तक्रार दिसत होती, दाब प्रमाणाबाहेर. म्हणजे झडप उघडत नव्हती, आणि इंजिन जळू नये म्हणून गाडीच स्वतःचा गळा धरत होती.

"वैनी, झडप अडकली, टर्बो गेला," भुजंग म्हणाला. "पूर्ण बदलावा लागतो. घरी उचापती केल्यावर दुसरं काय व्हणार? खामखा बेजार होऊ नका. ब्लाउज उसवला तर मी शिवतो का?"

"तू शिवलास तर मी उसवून देईन," मी म्हटलं. पण तो गेल्यावर पान्याला हात लावला नाही. दाब मी वाढवला होता. ते वाढवलेलं मीठच बाधलं, हे मनात येऊन बसलं ते उठेना.

आक्का पायरीवर बसून वालाच्या शेंगा निवडत होत्या. हातातली शेंग तशीच धरून म्हणाल्या, "माझ्या पूजेत काय राह्यलं का गं? नवमीला पुजलेलं बिघडत न्हाई कंदी. आमची मोटार बारा वरसं झाली, एकदाबी जळली न्हाई."

"तुमच्या पूजेचा काय संबंध आक्का," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपास धरला.

शनिवारी दुपारी राजेश्रीबाईंकडून सायकलचा पंप आणला. झडप ढकलणाऱ्या डबीला थेट लावून हवा भरली, तर दांडा शिलाई मशीनच्या सुईदांड्यासारखा मऊ पुढं आला आणि मऊ मागं गेला. म्हणजे झडप ठणठणीत होती, टर्बोही ठणठणीत होता. मग दाबाची खबर तिच्यापर्यंत पोचत का नव्हती?

मधे उरली होती फक्त निळी नळी. ती मी बघितलीच नव्हती, कारण ती मी बसवलेली होती. आपल्या हातानं केलेल्या कामावर माणूस संशय घेतो तो सगळ्यात शेवटी. नळीचं एक टोक सोडवून मी तोंडानं फुंकलं. गाल फुगले, हवा काही पुढं गेली नाही.

मोठ्या पाइपखालून हात घातला. तिथं नजर पोचत नाही, पण माझी बोटं बावीस वर्षं न बघता धागा ओळखत आलीत. सुती, पीळ घातलेला, सात फेरे. आणि गाठ उलटी. आमच्या आक्का डावखुऱ्या आहेत.

जीव कुठं म्हणून विचारलं होतं त्यांनी, आणि मीच बोट दाखवून दिलं होतं. मनगटाला बांधतात तसा त्यांनी मायेनं, चांगला घट्ट नाडा बांधला होता. मऊ नळी गळा आवळल्यासारखी चपटी झाली होती. मग मी वरून पाइप चढवली आणि सगळं झाकून टाकलं.

पायरीवर आक्का उपाशी बसलेल्या. मी नखानं गाठ सोडवली, नाडा मुठीत घेतला आणि कमरेला खोचला. नळी बोटांनी चोळून गोल केली. फुंकलं, तर हवा आरपार गेली. गाडी काढून बायपासला दोनदा दाबली. दाब चढला, जिथं थांबायचा तिथं थांबला आणि गाडी सरळ रेघेत पळाली.

घरी येऊन म्हटलं, "आक्का, झाली. उपास सोडा."

"काय झालं व्हतं?"

"नळी दबली होती."

हे दारातच होते. "रविवारी बघू," एवढंच म्हणाले.

रविवारी झरीच्या रानावर निम्मा तालुका लोटला होता. गाड्या तपासायला क्लबचा धम्मदीप नावाचा माणूस होता. बॉनेटमध्ये वाकून त्यानं बराच वेळ घेतला.

"चांगलं काम आहे. कुणाकडून करून घेतलंत?"

"मी केलंय."

"म्हणजे सांगून करून घेतलंत."

"म्हणजे जॅकखाली मी होते."

त्यानं परत एकदा आत बघितलं. "हे कुंकू आहे का?"

"आहे. वजनात धरू नका."

तो हसला आणि त्यानं काचेवर सातचा आकडा चिकटवला. नऊ गाड्यांत बाई मी एकटीच. माइकवाला 'काकूंसाठी टाळ्या' म्हणाला. काकूंना टाळ्या गाडी पळवायच्या आधीच मिळाल्या, याचा मला जरा रागच आला.

पहिल्या फेरीत तिसऱ्या वळणावर मला ट्रॅक्टर आणि एसटी आठवली, पाय दबकला, मागचं चाक सरकलं आणि एक कोन आडवा झाला. पाच सेकंद दंड. भुजंगची पहिली फेरी एक मिनिट बारा सेकंद चार, दुसरी त्याहून कमी झाली नाही. तो गाडी आणून उभी केल्या केल्या चावी काढून खाली उतरला आणि गर्दीनं त्याला उचलायचं तेवढं बाकी ठेवलं.

दुसऱ्या फेरीआधी मी कमरेचा नाडा काढला आणि आतल्या आरशाला सैल बांधला. मग कान लावून बसले. इंजिन कुठं अडत नव्हतं. जो बिघाड झाला होता तो माझ्या मिठाचा नव्हता. ते एवढं एक मनात धरलं आणि झेंडा पडल्यावर पाय खाली दाबला.

ते क्षणभराचं काहीच नाही, आणि मग पाठीतला तो धक्का. पहिलं वळण, दुसरं. तिसऱ्यावर मुरूम भुरभुरला, मी पाय काढला नाही, गाडी आडवी होता होता सरळ झाली. कोनांच्या मधनं ती अशी गेली जशी चांगल्या कापडातून कात्री जाते, न चावता. शेवटच्या सरळ पट्ट्यात मी चक्क ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, आणि काचा बंद होत्या हे बरं झालं.

एक मिनिट अकरा सेकंद नऊ. अर्ध्या सेकंदानं पहिली.

गाडी आणून उभी केली आणि इंजिन चालू ठेवून आत बसून राहिले. लोक धावत आले, माइकवाला बोलवायला लागला, भुजंग खिडकीशी आला. त्याचं तोंड उतरलं होतं, पण माणूस इमानदार. "वैनी, टर्बो गेला न्हवता," म्हणाला.

"नव्हता."

"सोमवारच्या गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"ह्यांना विचार."

दुसऱ्या दारानं आक्का आत येऊन बसल्या. पदरानं माझ्या तोंडावरची धूळ पुसली. मग त्यांची नजर आरशाकडं गेली.

"हा तर मी जिवाला बांधला व्हता."

"तिथं तापतं आक्का. जळला असता."

त्यांनी नाड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. शेतकऱ्याच्या घरात पन्नास वर्षं काढलेली बाई, तिला पाणी कुठं मुरलं ते सांगावं लागत नाही.

"त्यानंच दबली व्हती का नळी?"

मी आरशावरचा नाडा उगाच सरळ केला.

"खुळी," आक्का म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, ते हसता हसता डोळ्यांना लावला. "गाठ माझी, अन बोलणी तू खाल्लीस. वरनं मला उपास घडवलास. आता सैलच बांधीन, पण बांधीन."

"बांधा. जागा मी दाखवीन."

माइकवाला परत ओरडला, सात नंबर, काकू, स्टेजवर या. कुणीतरी दार उघडायला गेलं. तेवढ्यात आमचे हे गर्दीतून वाट काढत आले आणि दाराला पाठ लावून आडवे उभे राहिले.

"थांबा जरा," ते लोकांना म्हणाले. "गरम हाय ते. निवू द्यावं लागतं."

मग मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन, माझ्याकडं न बघता म्हणाले, "बैस. अजून चाळीस सेकंद."