वरचा जबडा

"मावशी, वरची कवळी अजून मेणातच?" असं म्हणत दाताच्या डॉक्टरांनी साचा उचलला आणि मी तो त्यांच्या हातातून चक्क हिसकावून घेतला. ते बघतच राहिले.

वरच्या मजल्यावर त्यांचा दवाखाना आणि खालच्या खोलीत आमचं कवळ्या बनवायचं काम. आमचं, म्हणजे आम्हा जुळ्या बहिणींचं. ती माझ्याआधी काही मिनिटं जन्मली, तेवढ्या जोरावर जन्मभर थोरली म्हणून मिरवली. वरचा जबडा ती करायची, खालचा मी. अशी वाटणी कुणी करून दिली नव्हती, पण एकीने दुसरीच्या जबड्याला कधी हात लावला नाही. दोन्ही एकमेकांवर बसवले की टक् असा आवाज यायचा. तो नीट आला की आमचा दिवस संपायचा.

थोरली गेली तेव्हा हा एकच जबडा अर्धवट राहिला होता. मेणात दात लावून झाले होते. टाळूवर तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता, तो पुसून गुळगुळीत करायच्या आतच तिला ताप भरला. आता साचा गरम पाण्यात ठेवायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या जागी हिरडीचा पक्का गुलाबी मसाला भरायचा, एवढंच काम होतं. तेवढंच माझ्या जिवावर आलं होतं.

डॉक्टर भला माणूस. आवाज न चढवता म्हणाले, "आजोबा रोज येऊन बसतात हो. तुम्हाला नसेल जमत तर सांगा, मी दुसरीकडून नवी करून घेतो. मग ही टाकून द्यावी लागेल."

हे आजोबा एके काळी रेडिओवर बातम्या वाचायचे. दात गेल्यापासून तोंडावर रुमाल धरून, मूग गिळून बसत. घरच्यांशीसुद्धा बोलत नाहीत, असं डॉक्टर सांगत होते. डॉक्टर वर गेले आणि मी टेबलाशी येऊन बसले.

टेबलावर टॅरोचे, भविष्य बघायचे पत्ते होते. काम संपलं की आम्ही समोरासमोर बसून मधोमध एक पत्ता टाकायचो. तिला सुलटा आला की तो मला उलटा. मग तिने तिच्या बाजूने अर्थ सांगायचा आणि मी माझ्या. दोन्ही खरे असतात, असं ती म्हणायची. मरणाचा पत्ता, म्हणजे घोड्यावरचा सांगाडा, आमचा लाडका होता. "दात बघ याचे. हा काही आपलं गिऱ्हाईक नाही," म्हणून ती हसायची. त्याचा सुलटा अर्थ बदल, आणि उलटा म्हणजे जे सुटलंय तेच धरून बसलेलं माणूस.

ती गेल्यापासून रोज सांगाडाच येत होता, आणि रोज मला उलटा. तिच्या रिकाम्या खुर्चीकडून बघितलं तर सुलटा. पत्ते पिसून पाहिले, तो पत्ता तळाशी दडवून पाहिला. एकदा मी तो हाताने फिरवून ठेवला आणि चहा घेऊन आले, तर तो पुन्हा होता तसा. खिडकी बंद होती. तिची खुर्ची जराशी मागे सरकलेली होती. माझी तर दातखीळच बसली. तरी खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. ती इथेच होती. मेण वितळवलं की जाईल, असं मनाने घेतलं होतं.

त्या दुपारी मी उठले आणि पहिल्यांदाच तिच्या खुर्चीत जाऊन बसले. तिथून खोली परकी दिसत होती. समोर माझी खुर्ची, तिच्या पाठीवर माझा एप्रन, कुणी पाठ टेकून बसावं तसा. मी पत्ता टाकला. सांगाडा आला, सुलटा.

"धाकटे, माणूस ताटकळलंय ना."

आवाज समोरून आला. आम्हा दोघींचा आवाज एकच, त्यामुळे कोण बोललं ते मला आजही सांगता येणार नाही.

मी पाणी तापवून त्यात साचा ठेवला. साचा उघडला तेव्हा मेण मऊ झालं होतं आणि ठसा चमकत होता. वरून गरम पाणी सोडताच तो पसरला, आणि मग नव्हताच. पाण्यावर आलेली मेणाची साय मी नेहमीसारखी गोळा करून डब्यात टाकली. ते मेण पुढच्या जबड्याला वापरतात. तोवर डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मसाला भरला, घासला, चकचकीत केला. दोन्ही जबडे जुळवले. टक्.

दुसऱ्या दिवशी कवळी बसवून आजोबा जिना उतरून खाली आले. रुमाल खिशात घातला आणि खाकरून, बातम्या सांगायच्या आवाजात म्हणाले, "दोघींचे आभार."

डॉक्टरांनी सांगितलं असेल. मी विचारलं नाही.

संध्याकाळी थोरलीच्या खुर्चीत बसून मी पत्ता टाकला. भलताच कुठलासा आला, सुलटा. माझ्या बाजूचा अर्थ सांगून झाला आणि मी समोर बघत थांबले. बराच वेळ थांबले.

मग दुसऱ्या बाजूचा अर्थही मीच सांगितला.