मेजरच्या पोटाचा पट्टा

नाक धरा आणि मग जवळ या. मी खिळ्यांचा पट्टा बोलतोय. कुत्र्याच्या गळ्यासाठी जन्मलो आणि पोटावर येऊन बसलो, ती गंमत सांगतो.

तासगावच्या मोच्याने मला जाड कातड्यातून कापलं, लोहाराने खिळे ठोकले, टोकं बाहेर. लांडगा आधी गळा धरतो, म्हणून. धुळा मेंढपाळाचा सुलतान्या कुत्रा मला घालून कळप राखायचा. एका लांडग्याने मला चावून बघितलं. पुन्हा आला नाही. दात शोधत बसला असेल. सुलतान्या म्हातारा होऊन गेला आणि मी धुळाच्या घोडीवरच्या सामानात पडलो.

लढाई संपली त्या साली ऊस तुटलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला मानसिंगांनी धुळाला बोलावलं. मानसिंग पलटणीतून नाईक होऊन आलेले. येताना विलायतेला परत निघालेल्या साहेबाचं मांजराएवढं कुत्रं घेऊन आले. नाव ठेवलं मेजर. नाईक म्हणजे मेजरच्या कितीतरी पायऱ्या खाली. हुकूम कुणी कुणाला द्यायचा, हाच घरात घोळ.

त्यांची बायको लीलाबाई म्हणाली, "आवं, मेंढरं हाईत तवर त्याला बांधा."

"शिस्तीतलं कुत्रं हाय. मोकळंच फिरंल."

शिस्तीतलं कुत्रं भुंकत थेट मेंढरांत घुसलं. धुळाची दांडगी कुत्री त्याच्यावर धावली. मानसिंग बांधावरून ओरडले, "हाल्ट!" आणि मेजरने जन्मात पहिल्यांदा हुकूम पाळला. नेमका त्या कुत्र्यांच्या मधोमध उभा राहिला.

धुळाने शीळ घालून कुत्री मागे घेतली, पण मेजरचा कान फाटलाच. लीलाबाईने हळद भरली आणि त्याला दाव्याला बांधलं. मेजरने अन्न सोडलं. बांधावं तर उपाशी मरणार, सोडावं तर कुत्री फाडणार. लढाईत न डगमगलेले नाईक धुळाच्या मेंढवाड्यावर जाऊन नुसते बसून राहिले.

धुळाने हसत मला सामानातून काढलं. गळ्यात घातलं तर मेजर माझ्यातून चालत बाहेर. शेवटी नवं भोक पाडून पोटाला आवळलं. लांडग्याचे दात पाडणारा मी, झालो कमरपट्टा. आणि मेजर दिसत होता साळिंदराचं पोर.

"समोरासमोर न्यायचं न्हाई," धुळा म्हणाला. "बाजूबाजूनं चाला, दोर ढिला ठेवा. आन भ्यालासा तरी उचलू नका. उचललं की ती तुमच्याच उरावर येत्याली."

कुत्री आली. सगळ्यांत थोरली, सुलतान्याची जोडीदारीण, मला हुंगतच राहिली. मग शेपूट हलवून मेजरचा फाटका कान चाटू लागली. हळूहळू दोरही सुटला. कुत्री खिळ्यांना भ्याली, असं मानसिंग गावभर सांगत सुटले. सांगू देत. नाईकच ते.

दुसऱ्या वर्षी धुळाचा कळप पुन्हा बांधावर आला. त्याच दिवशी लीलाबाईला माझा वास असह्य झाला. घमेल्यात रिठ्याचा फेस काढून ती मला बुडवायला निघाली. "हाल्ट," मानसिंग म्हणाले. तिने ऐकलं नाही. ती काय मेजर होती?

भेटायला आलेला धुळा दारात उभा होता. हळूच म्हणाला, "वैनी, त्याला माझ्या सुलतान्याचा वास हाय. थोरली त्योच वळखती."

लीलाबाईने घमेलं बाजूला सारलं. मला कोरडंच मेजरच्या पोटाला बांधलं आणि बक्कल नीट बसलंय का ते दोनदा ओढून पाहिलं.

तेव्हापासून मेजर मोकळा हिंडतो आणि मी घाण मारतो. बाबांनो, नाक धरा, नावं ठेवा, पण मला पाणी लावू नका.