सुचित्राबाईंची हलकी बॅग

धान्याच्या दुकानातला मोठा काटा तुम्ही पाहिला असेल, आणि ज्याच्यावर उभं राहताना माणसं पोट आत ओढून घेतात तोही पाहिला असेल. मित्रांनो, मी त्या दोघांचा धाकटा भाऊ. मी एक जुना, तळहातावर मावणारा वजनकाटा आहे. प्रवासाच्या बॅगा तोलणं हे माझं काम. वर धरायला मूठ, खाली हूक लावलेला पट्टा आणि मध्ये वजन दाखवणारी बोटभर काच, एवढाच माझा देह.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईंनी माझ्या हुकाला एक लोखंडी वीट टांगली. काचेवर बरोबर विटेचं वजन उमटलं, तशी त्यांनी मान हलवली आणि मला खोक्यात बंद केलं. आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी. पुढे मी सिंगापूरला, लिटल इंडियातल्या एका दुकानात, छत्र्या आणि नेलकटर यांच्यामध्ये लटकत राहिलो.

निशिकांतरावांनी मला विकत घेतलं ते एका भांडणानंतर. ते आणि सुचित्राबाई पुण्याहून नोकरीनिमित्त इकडे आले आणि बेडोक भागातल्या फ्लॅटमध्ये कायमचे राहिले. माझ्याआधी त्यांच्या घरात बॅग तोलायची पद्धत अशी होती. निशिकांतराव बॅग कवेत घेऊन बाथरूममधल्या काट्यावर उभे राहायचे. मध्ये बॅग आल्यामुळे त्यांना आकडा दिसत नसे, म्हणून सुचित्राबाई खाली बसून तो वाचायच्या. मग त्यातून निशिकांतरावांचं वजन वजा करायचं. पण ते स्वतःचं वजन नेहमी कमी सांगत. त्यामुळे इथे काय, पुण्यात काय, घरी बॅग जड ठरायची, त्यातलं सामान काढावं लागायचं, आणि विमानतळावर बॅगेत चांगली जागा उरलेली निघायची.

"तुमच्या पोटापायी माझा गोडा मसाला पुण्यात राहिला," सुचित्राबाई एकदा परत येताच म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या घरात आलो.

ती माझ्या ऐन उमेदीची वर्षं. पुण्याला जाताना चॉकलेटं, बामच्या बाटल्या, भाच्यांचे बूट. येताना कुरडया, पापड, मेतकूट, चिवडा, आणि लोणच्याची बरणी, जिच्यावर इतक्या प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळलेल्या असत की आत नक्की काय आहे ते पाहणाऱ्याला कळू नये. निशिकांतराव मला दोन्ही हातांनी वर उचलत, लालबुंद होत आणि ओरडत, "बघ, बघ लवकर!" सुचित्राबाई तेव्हा चष्मा शोधत असत.

त्यांची मुलगी अनघा तेव्हा कॉलेजात होती. ती आपल्या खोलीतून म्हणायची, "आई, सगळं सगळीकडे मिळतं आता. कशाला ओढत आणतेस?"

"मिळतं ते मिळू दे. तू तुझं बघ."

बॅग नेहमी जास्त भरायची. मग सगळी उपसायची, पुन्हा भरायची, पुन्हा माझ्या हुकाला लावायची. मला या कामाचा कधी कंटाळा आला नाही. त्या इमारतीत माझं नावही झालं होतं. गावाला निघालेली माणसं मला मागून नेत. शेजारच्या लिम आजी मला परत करताना सोबत दोन संत्री द्यायच्या. माझ्यामुळे घरात संत्री येतात, याचा मला अभिमान वाटे.

गेल्या वर्षी निशिकांतराव गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

त्यानंतर मला कुणी उचललं नाही. जुने चार्जर, टोपणं हरवलेली पेनं आणि एक थांबलेलं घड्याळ यांच्यासोबत मी खणात पडून राहिलो. माझ्या पोटातले सेल हळूहळू गळायला लागले. खणाची फट थोडी उघडी राहायची, तेवढ्यातून घरातलं बोलणं ऐकू यायचं. पूर्वी त्या घरात कुठलीही गोष्ट वादाशिवाय ठरत नसे. आता सुचित्राबाई एकच शब्द वापरत. डॉक्टरांकडे जाऊ या? बरं. डाळ-तांदूळ मागवू? बरं. अनघा लग्नानंतर सिंगापुरातच, पासिर रिसला राहते. ती दर शनिवारी यायची, आईला काहीबाही विचारायची, आणि प्रत्येक वेळी तेच 'बरं' घेऊन घरी जायची.

सुचित्राबाईंना सत्तरावं वर्ष लागणार होतं. वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं. वाढदिवस कसा करावा, हा प्रश्न कुणी तोंडाने काढला नाही. अनघाने थायलंडच्या एका बेटावरचं रिसॉर्ट ठरवलं. दारात समुद्र, नारळाची झाडं, आणि सकाळच्या चहापासून रात्रीच्या आइस्क्रीमपर्यंत सगळं खाणंपिणं त्यातच. जावई कामासाठी परदेशी होते, म्हणून आई, अनघा आणि अनघाची चौदा वर्षांची गार्गी, अशा तिघीच निघायच्या होत्या.

"ऑल-इन्क्लुझिव्ह आहे, आई. तू काही म्हणजे काही करायचं नाहीस. तिथे सगळं मिळतं."

"बरं," सुचित्राबाई म्हणाल्या.

निघायच्या आदल्या सकाळी अनघा आणि गार्गी आपल्या बॅगा घेऊन आल्या, आणि अनघाने खण उघडला. मला बाहेर काढून तिने क्षणभर हातात नुसतंच धरलं. मग सेलची जागा ओल्या कापडाने पुसली, नवे सेल घातले, आणि माझी काच पुन्हा उजळली. मित्रांनो, त्या वेळी मला काय वाटलं ते सांगता येत नाही. मी सज्ज झालो. आता मोठी बॅग येणार, आता उपसाउपशी होणार.

अनघाने माझा हूक सुचित्राबाईंच्या बॅगेला अडकवला आणि उचलताना दोन्ही पाय रोवले. सवयच होती ती. पण बॅग एकदम वर आली. इतकी एकदम, की अनघाचा तोल गेला.

तिने माझ्या काचेकडे पाहिलं. "बिघडला वाटतं हा," ती पुटपुटली आणि तिने स्वतःची बॅग लावली. तिचं वजन मी चोख सांगितलं. मग पुन्हा आईची बॅग. मी पुन्हा तेच सांगितलं. खोटं मला दाखवताच येत नाही.

अनघाने पलंगावर बसून बॅग उघडली. आत दोन सुती साड्या, गोळ्यांचा डबा, एक शाल आणि घरातल्या चपला होत्या. अनघाने मुद्दाम आणलेला निळा, लांब बाह्यांचा पोहायचा पोशाख आत नव्हता. खाण्याची एकही पुडी नव्हती. इतक्या वर्षांत या घरातून खाण्याच्या पुडीशिवाय निघालेली बॅग मी पाहिली नव्हती, आणि अनघानेही नाही. आई आपल्यासोबत निघाली आहे, पण मनाने ती येत नाहीये, हे त्या बॅगेकडे बघून तिला कळलं. तिने चेन लावली, उघडली, आणि पुन्हा लावली.

मग मला हातात तसंच धरून ती स्वयंपाकघरात गेली.

"आई, एवढंच घेतलंस?"

"पुष्कळ आहे की. तूच म्हणालीस ना, तिथे सगळं मिळतं."

अनघाने मला ओट्यावर ठेवलं. ती म्हणाली, "नाही, म्हणजे... मिळतं. पण गार्गीचं पोट बिघडलं तर? मेतकूट-भात कुठून आणणार तिथे? थोडा चिवडाही कर ना."

बाहेर सोफ्यावर लोळत असलेली गार्गी म्हणाली, "मम्मा, माझं पोट कुठे—" आणि एकदम थांबली. आईने तिच्याकडे कसं पाहिलं असेल ते मी ओट्यावरून पाहू शकलो नाही. "हां हां, आजी! लास्ट टाइम पण असंच झालं. व्हेरी पेनफुल लाह!" 'लाह' हे तिच्या बोलण्याचं सिंगापुरी शेपूट.

"खोटं बोलताना आईच्या तोंडाकडे बघू नये, गार्गी," सुचित्राबाई म्हणाल्या. "पकडलं जातं."

गार्गी हसली. सुचित्राबाई हसल्या नाहीत. त्यांनी ओटा पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता.

"चिवडा तुझ्या बाबांना लागायचा," त्या म्हणाल्या. "मेतकूट त्यांना, कुरडया त्यांना. लोणचं तर त्यांच्याशिवाय कुणी शिवतही नव्हतं. मला स्वतःला चिवडा कधीच विशेष आवडला नाही. आता कुणासाठी भरू?"

या घरातल्या बॅगांमधली प्रत्येक बरणी मी तोलली होती, पण त्यांतली एकही सुचित्राबाईंची नव्हती, हे मलाही तेव्हाच कळलं.

"मग तुला काय आवडतं?" अनघाने विचारलं.

"मला? काहीही चालतं."

"चालतं ते नाही विचारलं. आवडतं काय?"

सुचित्राबाईंनी फडकं पिळलं, झटकलं आणि वाळत घातलं. बाहेर कुणाचं तरी पार्सल आलं असावं, लिफ्ट वर आली, परत गेली. अनघा पुन्हा विचारणार होती, पण तिने स्वतःला आवरलं.

"लसणाची चटणी," सुचित्राबाई म्हणाल्या. इतक्या हळू म्हणाल्या, की जणू कुणी ऐकलं तर पंचाईत. "सुक्या खोबऱ्याची. खलबत्त्यात कुटलेली. माहेरी रोज असायची. दशमी, तेल आणि ती चटणी. दुसरं काही लागत नसे मला."

"मग आपल्याकडे कधी केली नाहीस ती?"

"तुझ्या बाबांना लसणाचा वास सोसायचा नाही. नको असं ते कधी म्हणाले नाहीत हं. एकदा केली, तर बिचारे जेवण होईपर्यंत शिंकत होते, आणि तरी 'छान झालीय' म्हणाले. मग मीच नाही केली. कुणी सोडवली नाही, आपली सुटली."

"या वर्षी करायचीस."

"मनात आलं होतं. खाली मार्केटमध्ये लसूण हातात घेतला आणि परत ठेवला. म्हटलं, ते गेले, आणि मी काय लसूण कुटत बसले? बरं दिसतं का ते?"

अनघाने डोळे पुसले नाहीत, आईला मिठी मारली नाही. या घरात तशी पद्धत नाही. ती एवढंच म्हणाली, "कर की. बाबा इथे असलेच, तर शिंकतील."

सुचित्राबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या खांद्यांना हिसका बसला. रडू असेल असं मला वाटलं, पण ते हसू होतं. निदान सुरुवात तरी हसण्याने झाली.

"शिंकू देत," त्या म्हणाल्या. "गार्गी, चपला घाल. खाली जा आणि लसूण घेऊन ये. मोठ्या पाकळ्यांचा नको, बारीक असेल तर बघ. आणि त्या मार्केटवाल्या आंटीशी नीट बोल, तुझे ते इअरफोन काढून."

मित्रांनो, नंतरची दुपार मी ओट्यावरच काढली. खोबरं भाजलं गेलं, तिळाचा वास सुटला. माळ्यावरून खलबत्ता निघाला. कुटण्याचे ठोके पडायला लागले तसा मी ओट्यावर नाचू लागलो. ज्वारीचं पीठ दुधात मळलं गेलं, दशम्या थापल्या गेल्या. मधल्या दारातून गार्गी नाक धरून ओरडली, "आजी, होल कॉरिडॉर गार्लिक झालाय!" तेवढ्यात लिम आजींनीच दार वाजवलं. रागावल्या असतील असं वाटलं. पण त्या मान आत घालून म्हणाल्या, "आंटी, कुक व्हॉट? सो फ्रॅग्रंट!" त्यांना वाटीभर चटणी मिळाली.

संध्याकाळी मला पुन्हा बॅग लावली. अनघाने पाय रोवले, श्वास घेतला आणि उचललं. बॅग जमिनीवरून जेमतेम सुटली. त्या तिकिटावर सामानाची मर्यादा बेताचीच होती, आणि वजन ती ओलांडून पुढे गेलं होतं.

"आई! यात काय भरलंस?"

"दशम्या आहेत. चटणी आहे. तेल आहे."

"तेल तिथे मिळेल ना!"

"तिथलं तेल मला माहीत नाही."

अनघाने बॅग उघडली. दशम्यांचा डबा, चटणीच्या दोन बरण्या, तेलाची बाटली, वाढदिवसासाठी नवा रेशमी कुर्ता, गार्गीसाठी खरोखरच थोडं मेतकूट. आणि सगळ्यांच्या खाली, घडी घालून, लेबल कापून ठेवलेला तो निळा पोशाख.

अनघाची बोटं त्याच्यावर थोडी थांबली. "काहीतरी काढावं लागेल," ती म्हणाली.

"मग तुझं ते केस वाळवायचं यंत्र काढ. ते तिथे मिळतं."

"ते माझ्या बॅगेत आहे, आई!"

"तेच म्हणते. ते काढ, आणि चटणीची एक बरणी तुझ्यात घाल."

मोठा वाद झाला. गार्गी त्यात आजीच्या बाजूने बोलली. किती तरी दिवसांनी त्या घरात कुणी कुणाला 'बरं' म्हणत नव्हतं.

आता मी त्याच बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात बसलो आहे. टॅक्सी चांगी विमानतळाच्या रस्त्याला लागली आहे. माझ्या पट्ट्याला लसणाचा वास लागला आहे, तो आता जाईलसं वाटत नाही.

मित्रांनो, माझं थोडं ऐका. माझ्यासारख्या छोट्या वस्तू काम झालं की खणात टाकू नका. टाकल्याच, तर आधी आतले सेल काढून ठेवा. गळलेले सेल आम्हाला आतून खातात. आणि मला हातात घ्याल तेव्हा हात स्थिर ठेवा. काचेवरचा आकडा आधी वर-खाली होतो, मग ठरतो. त्याच्याआधी मान वळवू नका.

घरातल्या कुणाची बॅग जड झाली, तर खुशाल भांडा. पण कुणाची हलकी लागली, तर 'बरं झालं' म्हणून पुढे जाऊ नका. त्यांच्याजवळ बसा, त्यांना काय आवडतं ते विचारा, आणि विचारल्यावर थांबा. उत्तर यायला वेळ लागतो.